टॉवर कुणाच्या हुकमाने लागतो? खेड्यात बसून दूरसंचार धोरण आणि नियमन शिकण्याची वाट

पांढरकवड्याच्या पुढे आमचं गाव. गावातल्या रेशन दुकानात रेंज नव्हती, म्हणून दुकानदार दर महिन्याला ई-पॉस मशीन घेऊन शाळेमागच्या टेकाडावर बसायचा. अंगठा द्यायला म्हातारी माणसं काठी टेकत वर चढायची. एका निवडणुकीच्या आधी एका पुढाऱ्याने सभेत सांगितलं, "टॉवर मंजूर करून आणतो." टाळ्या पडल्या. मीही वाजवली.

तो टॉवर त्यांच्या हातात नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार, टेलिफोन, बिनतारी हे सगळं केंद्र सूचीत आहे, ३१व्या नोंदीत. जिल्हा परिषद सोडा, राज्य सरकारसुद्धा कुठल्या कंपनीला "इथे टॉवर लाव" असा हुकूम देऊ शकत नाही. मग कोण देतं? हा प्रश्न मी नीट विचारला आणि त्यातून हा विषय शिकत गेलो. आता माझ्या सेवा केंद्रात दर रविवारी पाचसहा पोरंपोरी बसतात. कोणी इ अँड टीसीची (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) डिप्लोमा झालेली, कोणी एलएलबीला, एक तर ग्रामपंचायतीत संगणकचालक. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

आधीच एक गोष्ट. बहुतेक जण सुरुवातीलाच विचारतात, "सर, कोर्स कुठला करू?" माझं म्हणणं उलट आहे. आधी आपल्या गावची एक फाइल धरा, ती शेवटपर्यंत न्या. कोर्स तिच्या मागोमाग करा. पाया नसताना केलेल्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं, पण त्यातलं तीन महिन्यांनी काही आठवत नाही. स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

पहिलं काम: फाइल निवडा

फाइल म्हणजे एक खरा, छोटा, आपल्या डोळ्यांसमोरचा प्रश्न. "ग्रामीण भागातील डिजिटल दरी" ही फाइल नाही, तो निबंधाचा विषय झाला. फाइल अशी असते: आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगाव फायबर केबल नेण्याच्या सरकारी योजनेची, पेटी भिंतीला लावली आहे, तिचा दिवा कधी लागत नाही, का? किंवा आजीकडे बटणांचा फोन आहे, तिला इंटरनेट नको, तरी डेटावालाच रिचार्ज का मारावा लागतो? किंवा रस्त्याकडेला केबल टाकायला आलेल्या ठेकेदाराने कोणाची परवानगी घेतली? किंवा आपल्या बसस्टँडवर चहाच्या टपरीला वायफाय विकता येईल का, आणि त्याला लायसन्स लागतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पोरांना फार आवडतं. डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. तिच्यात टपरीवाल्याला, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिसला, ना लायसन्स लागतं, ना नोंदणी, ना फी. नोंदणी लागते ती अशा अनेक टपऱ्या एकत्र बांधणाऱ्याला. नियम इतका सोपा, तरी गावोगाव वायफाय का दिसत नाही? कारण टपरीवर इंटरनेट आणायचं म्हटलं तर कंपन्या तिला घरगुती ब्रॉडबँडच्या दराने देत नव्हत्या, महागडी लीज्ड लाइन, म्हणजे एकट्यासाठी राखलेली जोडणी, घ्या म्हणायच्या. लायसन्स माफ झालं, पण मागून येणाऱ्या जोडणीचा खर्च कोणी पाहिला नव्हता. शेवटी २०२५मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचाराच्या नियामकाने, दराला कमाल मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला, त्याच वेगाच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही. एका टपरीच्या प्रश्नातून धोरण, अंमलबजावणी आणि दरनियंत्रण तिन्ही हातात येतात, ते असे.

दुसरं काम: कोण काय ठरवतं याचा नकाशा

हा नकाशा एका कागदावर स्वतःच्या हाताने काढा. मी रविवारच्या वर्गात पहिले दोन तास यावरच घालवतो, कारण इथे चूक झाली की पुढचे सगळे अर्ज चुकीच्या दारात जातात.

वर केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग. धोरण तो ठरवतो, परवाने तो देतो, स्पेक्ट्रमचे, म्हणजे मोबाइलच्या रेडिओ लहरींचे, लिलाव तो करतो. बाजूला ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, १९९७च्या कायद्याने आलेलं. ट्रायची दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळी ठेवून समजली नाहीत तर पुढचं काही समजत नाही. परवाना, स्पेक्ट्रम अशा बाबतीत ट्राय फक्त शिफारस करते. सरकारला पटली नाही तर ती परत पाठवली जाते, ट्राय १५ दिवसांत पुन्हा आपलं म्हणणं देते, आणि अंतिम शब्द सरकारचा. दर, सेवेचा दर्जा, कंपन्यांची आपसातली जोडणी या बाबतीत मात्र ट्राय स्वतः नियम करते आणि ते बंधनकारक असतात. ट्राय कायद्याचं कलम ११ उघडून हे स्वतः वाचा. दीड पानाचं आहे, पण सगळं त्यात आहे.

२०००च्या दुरुस्तीने भांडणं सोडवण्याचं काम ट्रायकडून काढून टीडीसॅट या न्यायाधिकरणाला दिलं. टीडीसॅटवर अपील सर्वोच्च न्यायालयात. पण एकट्या ग्राहकाची तक्रार टीडीसॅटकडे चालत नाही, आणि ट्रायसुद्धा एकेकाची तक्रार सोडवत बसत नाही. "ट्रायला तक्रार केली, काहीच झालं नाही" असं म्हणणारे शंभर जण भेटतील. होणारच नव्हतं.

मग खाली या. राज्य सरकार, ग्रामपंचायत, पीडब्ल्यूडी, वनविभाग यांच्या हातात काय आहे? जमीन. केबल जमिनीखालून जाते, टॉवर जमिनीवर उभा राहतो. याला वाटेचा हक्क म्हणतात, कंपन्यांच्या बोलीत आरओडब्ल्यू. मेळघाटात आणि गडचिरोलीत बऱ्याचदा पैसा आणि मंजुरी असूनही काम वनजमिनीच्या परवानगीत अडकतं. २०२४चे वाटेच्या हक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाले आहेत, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्याने या प्रकरणातल्या वादांचा निवाडा जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आहे. म्हणजे या सगळ्या दिल्लीच्या यंत्रणेतला एक तुकडा आपल्या कलेक्टर ऑफिसमध्ये आहे. आपल्याकडच्या वकील मंडळींनी इकडे लक्ष द्यायला हवं, कोणी फारसं देत नाही.

आणि टॉवर? जिथे कंपनीला धंदा दिसतो तिथे ती स्वतः लावते. जिथे दिसत नाही तिथे सरकार पैसा देतं. तो पैसा कंपन्यांच्याच उत्पन्नातून येतो: समायोजित महसुलाच्या ५ टक्के. पूर्वी या निधीला यूएसओ फंड म्हणत, नव्या कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. नोव्हेंबर २०२१मध्ये मंत्रिमंडळाने पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित (विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या) जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी ४जीची योजना मंजूर केली. महाराष्ट्र त्या पाचांत आहे, आणि विदर्भातले आकांक्षित जिल्हे दोन: गडचिरोली आणि वाशीम. जुलै २०२२मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची आणखी एक योजना आली, तिचं काम बीएसएनएलकडे. आता पुढाऱ्याला विचारायचा प्रश्न बदलला की नाही? "टॉवर कधी आणता" असं विचारू नका. "आपलं गाव कुठल्या योजनेच्या यादीत आहे, आणि नसेल तर सर्वेक्षणात ते रेंजवालं गाव म्हणून कसं नोंदलं गेलं?" असं विचारा. बीएसएनएल सरकारी आहे, दहा रुपयांत माहितीचा अधिकार चालतो.

तिसरं काम: वाचायला शिका

इथे बहुतेक जण गळतात. कायद्याची भाषा कोरडी, शिवाय इंग्रजी. मी पोरांना तीनच कागद देतो आणि एक महिना फक्त तेच.

पहिला कागद, २०२३चा दूरसंचार कायदा. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तार कायदा यांच्या जागी हा आणला आहे. पण वाचताना एक सवय लावून घ्या. कायदा झाला म्हणजे लागू झाला असं नसतं. या कायद्याची काही कलमं २६ जून २०२४ला लागू झाली, काही ५ जुलैला, बाकीच्यांना वेगळी अधिसूचना लागते. म्हणून मुद्रित प्रतीच्या समासात प्रत्येक कलमासमोर पेन्सिलने लागू झाल्याची तारीख लिहायची. हे हमालीचं काम आहे, पण जो हे करतो तो मीटिंगमध्ये तोंडघशी पडत नाही.

दुसरा कागद, डेटा नको असलेल्या आजीचा. २६ जुलै २०२४ला ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांवर कन्सल्टेशन पेपर, म्हणजे नियम करण्याआधी लोकांची मतं मागवणारा कागद, काढला. त्यात एक प्रश्न असा होता की फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं रिचार्ज असावं का. कंपन्यांनी नको म्हणून सांगितलं, ग्राहक संघटनांनी हवं म्हणून. २३ डिसेंबर २०२४ला बारावी दुरुस्ती आली: प्रत्येक कंपनीने कमीत कमी एक असं रिचार्ज ठेवलंच पाहिजे, आणि विशेष व्हाउचरची, म्हणजे अशा ठराविक सेवेच्या रिचार्जची, मुदत ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल. हा पेपर, त्यावर आलेली उत्तरं आणि शेवटचा नियम हे तिन्ही ट्रायच्या संकेतस्थळावर आहेत. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. कुठला युक्तिवाद ट्रायने उचलला, कुठला सोडला, हे नियमाच्या शेवटी जोडलेल्या स्पष्टीकरण टिपणात दिसतं. हे टिपण नियमापेक्षा जास्त शिकवतं. आणि हेही पाहा की नियमाने पॅक ठेवायला लावलं, त्याची किंमत ठरवून दिली नाही. बाजारात ती रिचार्ज आली तेव्हा आमच्या केंद्रावर एक काका म्हणाले, "मंग फरक काय पडला बाप्पा?" प्रश्न बरोबर होता.

तिसरा कागद सर्वोच्च न्यायालयाचा, ११ मे २०१६चा. ट्रायने २०१५मध्ये नियम केला होता: कॉल तुटला की कंपनीने ग्राहकाला १ रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. लोकांना आवडला. न्यायालयाने रद्द केला. कारण काय? कॉल तुटण्यामागे ग्राहकाच्या बाजूचीही कारणं असतात हे ट्रायच्याच कागदांत होतं, तरी सगळा दोष कंपनीचा धरला. शिवाय २ टक्क्यांपर्यंत कॉल तुटणं चालतं असं दर्जाचा नियम म्हणतो, आणि हा नियम पहिल्याच तुटलेल्या कॉलला दंड लावत होता. चांगला हेतू असलेला नियमसुद्धा नीट कारणं न देता केला तर टिकत नाही. जो निकाल आपल्याला आवडत नाही तो पूर्ण वाचणं, हे या धंद्यातलं खरं प्रशिक्षण.

एक कलम, जवळून

मागच्या पावसाळ्यात आमच्या भागात तीन दिवस नेटवर्क गेलं होतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, दुसरी वाट नव्हती. सोयाबीनच्या पीकविम्याचे शेवटचे दिवस, केंद्राबाहेर रांग. एका पोराने मला मोबाइलवर बातमी दाखवली: "नेटवर्क २४ तासांहून जास्त बंद असेल तर भरपाई मिळणार." खूश होता. मी म्हटलं, नियम उघड.

२०२४च्या सेवा दर्जा नियमांत खरंच तसं आहे. पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट, प्रीपेडवाल्याला मुदतवाढ. एखाद्या दिवशी १२ तासांहून जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरायचा. पण शब्द वाचा: जिल्हा पातळीवर. नेटवर्क बंद धरलं जातं ते जिल्ह्याच्या हिशोबाने. आमच्याकडे बंद होती ती वीसेक गावं. यवतमाळ शहर चालू, वणी चालू, दारव्हा चालू. कागदावर जिल्ह्यात काहीच झालं नव्हतं.

त्या दिवशी पोरगा जरा नाराज झाला, पण मला वाटतं त्या अर्ध्या तासात तो जेवढं शिकला तेवढं कुठल्याही स्लाइडवरून शिकला नसता. नियमातला एक शब्द कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो. सेवेच्या दर्जाचा हिशोब पूर्वी अख्ख्या सर्कलचा, म्हणजे साधारण राज्याएवढ्या सेवाक्षेत्राचा, असायचा, जिल्ह्यापर्यंत खाली येणं हीसुद्धा प्रगतीच. पुढची पायरी तालुका. ती कोणीतरी पुराव्यासकट मागितली पाहिजे, आणि पुरावा दिल्लीत तयार होत नाही.

चौथं काम: मोजा

म्हणून वही करा. साधी, शंभर पानी. रकाने: तारीख, वेळ, जागा, कंपनी, सिग्नल, वेग, कॉल लागला का, तुटला का. सिग्नल म्हणजे काड्या नव्हेत. काड्या प्रत्येक फोनवाला आपल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमच्या स्थितीखाली डीबीएममध्ये आकडा मिळतो, उणे चिन्हासह. उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला की कॉल खरखरायला लागतो. उणे ९० आणि उणे ११० यांत फरक वीसचाच दिसतो, पण हा लॉगरिदमचा हिशोब आहे. वीस डीबी म्हणजे ताकद शंभरपट कमी. वेग मोजायला ट्रायचंच मायस्पीड अॅप आहे.

रोज त्याच चार जागा, त्याच तीन वेळा: पाण्याच्या टाकीजवळ, शाळेत, रेशन दुकानात, आणि एक शेतात. एक महिना. वीज गेली की वेगळी खूण करा, कारण भारनियमनात टॉवरची बॅटरी किती तास टिकते हे या वहीतून आपोआप बाहेर येतं. आमच्या वहीत बहुतेक वेळा वीज गेल्यावर दोन-अडीच तासांनी सिग्नल गेल्याचं दिसलं. म्हणजे अडचण बॅटरी आणि डिझेलची होती, रेंजची नव्हतीच. तक्रारीचा मजकूरच बदलला.

नव्या दर्जा नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कुठे कुठली सेवा मिळते याचे नकाशे द्यावे लागतात. आपलं गाव त्यात कुठल्या रंगात आहे पाहा, आणि वहीशी ताडून बघा. ही तफावत म्हणजे तुमचा सगळ्यात मोलाचा कागद.

सरासरीपासून सावध राहा. हिशोबापुरतं धरा, सर्कलमध्ये एकूण १०० लाख कॉल झाले. त्यातले ९८ लाख शहरांकडचे, त्यांतले १ लाख तुटले. २ लाख दुर्गम तालुक्यांतले, त्यांतले ३० हजार तुटले. दुर्गम भागात शंभरातले १५ तुटले, तरी एकूण आकडा १.३ टक्के, २च्या मर्यादेत. आणि आपलं सर्कल म्हणजे मुंबई सोडून अख्खा महाराष्ट्र, वर गोवा. पुण्याच्या चांगल्या कॉलखाली भामरागडचे वाईट कॉल दडून जातात. ट्रायला हे समजत नव्हतं असं नाही. २०१७च्या दुरुस्तीत सरासरीऐवजी दुसरी मोजणी आणली: ९० टक्के सेल, म्हणजे टॉवरच्या एकेका अँटेनाचे टापू, ९० टक्के दिवस मर्यादेत असायला हवे होते. छान होतं. पण उरलेले १० टक्के सेल कुठले असणार, हे विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

पाचवं काम: एक तक्रार स्वतः शेवटपर्यंत न्या

इथे थोडक्यात सांगतो, कारण रस्ता सरळ आहे. आधी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्यायचा. हा नंबर नसेल तर पुढे काहीच चालत नाही. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे, फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. त्यानंतर केंद्राचं तक्रार पोर्टल किंवा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक आयोगात टेलिफोनची तक्रार चालत नाही असं सांगणारे वकील अजून भेटतात. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालते असं स्पष्ट केलं आहे.

माझ्या पहिल्या अपिलाला कंपनीकडून आलेलं उत्तर एका ओळीचं होतं, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या बिलाबद्दल होतं. ते मी जपून ठेवलं आहे, वर्गात दाखवायला.

सहावं काम: दिल्लीला लिहा

ट्रायचा कन्सल्टेशन पेपर आला की साधारण चार आठवडे टिप्पणीला आणि दोन आठवडे प्रतिटिप्पणीला असतात. नंतर ओपन हाऊस, म्हणजे खुली चर्चा, आता बरेचदा ऑनलाइन. कोणीही लिहू शकतं. यात उपकार काही नाहीत. कायद्याच्या कलम ११मध्येच ट्रायने पारदर्शकपणे काम करावं असं लिहिलेलं आहे. लोकांच्या लिहिण्याने काही होतं का? २०१५मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या साइटना सारखी वागणूक मिळावी या, वादात दहा लाखांवर ईमेल ट्रायला गेले होते, आणि ८ फेब्रुवारी २०१६ला वेगवेगळ्या साइटला वेगवेगळा डेटा दर लावायला बंदी घालणारा नियम आला. काही निवडक साइट फुकट देणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स भारतात तिथेच थांबलं.

पण एकसारख्या मजकुराचे लाख ईमेल आणि एका गावची महिन्याची वही यांत मी वहीच्या बाजूने आहे. टिप्पणी कशी लिहायची? पेपरच्या शेवटी क्रमांक दिलेले प्रश्न असतात. सगळ्यांना उत्तरं देऊ नका. आपल्याला ज्याचा पुरावा आहे ते दोन प्रश्न घ्या. पहिल्या परिच्छेदात उत्तर सरळ: हो किंवा नाही. दुसऱ्यात वहीतला आकडा. तिसऱ्यात नेमका कुठला शब्द बदलायचा ते, म्हणजे "जिल्हा" या शब्दाच्या जागी "तालुका" घाला, असं. "ग्रामीण जनतेचे हाल होत आहेत" हे वाक्य पहिल्या मसुद्यात प्रत्येक पोरगा लिहितो आणि मी प्रत्येक वेळी खोडतो. मसुदा मराठीत करा, डोकं साफ राहतं. मग इंग्रजी करा. दोन पानांच्या वर जाऊ नका.

गावात ग्राहक पंचायतीसारखी नोंदणीकृत बिगरनफा संस्था असेल तर ट्रायच्या २०१३च्या नियमांखाली ती ग्राहक संघटना म्हणून नोंदवता येते का पाहा. नोंदलेल्या संघटनांना ट्राय बैठकांना बोलावते. विदर्भाचा आवाज तिथे असायला हवा, नागपूरच्या पलीकडचासुद्धा.

आता कोर्स

एवढं झालं की कोर्स घ्या, आता तो अंगी लागेल. फुकटात सुरुवात करायची तर आयटीयू अकॅडमी. आयटीयू ही संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था, मुख्यालय जिनिव्हाला, स्थापना १८६५ची. तिचे स्वतःच्या वेगाने करायचे अनेक कोर्स मोफत आहेत. शिक्षक असलेल्या काही कोर्सना पैसे पडतात. आयटीयू आणि जागतिक बँक मिळून डिजिटल रेग्युलेशन प्लॅटफॉर्म चालवतात, तो कोर्स नाही, हँडबुक आहे, आणि स्पेक्ट्रम, स्पर्धा, सार्वत्रिक सेवा या विषयांची घडण समजायला त्याच्याइतकं सोयीचं मला दुसरं सापडलं नाही. उदाहरणं परदेशातली असतात, त्यांच्या शेजारी आपलं उदाहरण लिहायची सवय ठेवा.

देशात, गाझियाबादला दूरसंचार विभागाची स्वतःची अकादमी आहे, पूर्वीचं नाव एनटीआयपीआरआयटी. ती मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांसाठी. अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून भारतीय दूरसंचार सेवेत निवड झाली की तिथे जायचं. बीएसएनएलची दोन मोठी प्रशिक्षण केंद्रं आहेत, गाझियाबादचं एएलटीटीसी आणि जबलपूरचं, डॉ. आंबेडकरांच्या नावाचं. जबलपूर आपल्याला नागपूरहून जवळ. पण तिथला भर तंत्रावर आहे, फायबर, स्विचिंग, ५जी. धोरण शिकायला म्हणून जाऊ नका. तरी ज्याने कधी स्प्लाइसिंग, म्हणजे फायबरचे धागे जोडणं, पाहिलं नाही त्याने वाटेच्या हक्काच्या नियमांवर बोलू नये असं माझं मत आहे, त्यामुळे इंजिनिअर नसलेल्यांना मी उलट तिकडेच पाठवतो.

कायद्याच्या बाजूने यायचं असेल तर प्रशासकीय कायदा आणि स्पर्धा कायदा हे दोन विषय मन लावून करा. बुटीबोरीजवळ वारंग्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, घर सोडायला नको असलेल्यांना तो जवळचा पर्याय. केंद्र सरकारच्या स्वयं या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर अर्थशास्त्रातला औद्योगिक संघटन (इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन) किंवा नियमनाचा कोर्स दिसला तर घ्या. दर कसा ठरतो, एकाच वाटेवर दुसरी केबल टाकणं का परवडत नाही, हे अर्थशास्त्र नसेल तर कळत नाही, आणि आपल्याकडे नेमकी तीच बाजू लंगडी असते.

"टेलिकॉम पॉलिसी एक्सपर्ट, पंधरा दिवसांत, नोकरीची हमी" अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. आमच्या एका विद्यार्थ्याने पैसे भरले. आलेल्या पीडीएफमध्ये १९९९चं दूरसंचार धोरण चालू धोरण म्हणून दिलं होतं. त्याच्यानंतर २०१२चं आणि २०१८चं येऊन गेलं.

पोटापाण्याचं

खरं सांगायचं तर थेट नोकऱ्या दिल्लीत. मोबाइल कंपन्यांचे नियामक विभाग, वकिलांच्या फर्म, संशोधन संस्था, ट्रायमध्ये अधूनमधून निघणाऱ्या सल्लागाराच्या जागा. ट्रायचं संकेतस्थळ महिन्यातून दोनदा पाहायचं, जाहिराती तिथेच येतात. पण विदर्भात राहूनही काम आहे. तालुक्याच्या ठिकाणी छोटे इंटरनेट पुरवठादार उभे राहिले आहेत. त्यांना परवान्याची पूर्तता, महसुलाचा हिशोब, तक्रारींची नोंद हे सगळं करून देणारा माणूस लागतो आणि सापडत नाही. बहुतेक जण हे काम नागपूरच्या सीएकडे टाकतात, ज्याला दूरसंचारातलं फारसं माहीत नसतं. टॉवर आणि केबलच्या परवानग्यांची फाइल ग्रामपंचायत ते वनविभाग फिरवणारे लोक आहेत, पण नियम वाचलेले थोडे. आमच्या वर्गातली एक मुलगी आज अशाच एका छोट्या पुरवठादाराकडे अर्धवेळ आहे. पहिल्या आठवड्यात तिने मालकाला सांगितलं की तक्रारीला डॉकेट नंबर द्यावाच लागतो. मालक म्हणाला, "काहून? सगळे गिऱ्हाईक तर ओळखीचेच हायेत." तिने नियम काढून समोर ठेवला. आता तिथे एक रजिस्टर आहे.

वही मात्र तिची अजून चालू आहे. रेशन दुकानाच्या रकान्यात मागच्या महिन्यात पहिल्यांदा उणे ९७ आलं. दुकानदार टेकाडावर जात नाही आता, दाराशी बसतो. फक्त वीज गेली की दोन-अडीच तासांत अंगठे संपवायचे, हे म्हाताऱ्यांनाही पाठ झालं आहे.